समजून घ्या : स्केल मॉडेल बनवायला महागडी औजारे लागतातच का? कुठे पैसे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत?

विमान, रणगाडा किंवा जहाजाचे प्लॅस्टिक किट हौसेने घरी येते. खोका उघडला की पहिला प्रश्न पडतो, आता हे कापायचे कशाने? शोध घेतला तर जपानी निपर, खास चाकू, सँडिंग स्टिक, पिन व्हाइस, एअरब्रश आणि त्याचा कॉम्प्रेसर अशी यादी समोर येते. बेरीज केली तर ती किटच्या किमतीच्या कितीतरी पट होते. अनेकांचा छंद इथेच थांबतो आणि किट कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते.

पण या यादीतली बरीचशी कामे हार्डवेअर, सर्जिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंनी होतात. काही मोजकी कामे मात्र होत नाहीत. तिथे केलेली काटकसर किट बिघडवते आणि कधी कधी बोट किंवा फुप्फुस दुखावते. कोणते औजार नेमके काय करते हे कळले, की दोन्हींतला फरक आपोआप कळतो.

स्केल मॉडेल म्हणजे नेमके काय?

खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती म्हणजे स्केल मॉडेल. विमानांसाठी १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वाधिक वापरली जातात. त्यांचे मूळ फूट-इंचाच्या हिशेबात आहे. १:७२ मध्ये एक इंच म्हणजे सहा फूट, तर १:४८ मध्ये एक इंच म्हणजे चार फूट. रणगाड्यांचे १:३५ हे प्रमाण मात्र योगायोगाने रूढ झाले. जपानच्या टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला होता. तो मोजला तर साधारण १:३५ भरला आणि पुढे तेच प्रमाण चालू राहिले.

आपल्या तेजस विमानाचे उदाहरण घेऊ. त्याची लांबी १३.२ मीटर आहे. १:७२ मध्ये ती सुमारे १८.३ सेंटिमीटर होते, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षाही बरीच कमी. हाच हिशेब उलटा केला की अचूकता का लागते ते कळते. मॉडेलवर एक मिलिमीटरची चूक झाली, तर ती खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटरची चूक ठरते. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचे प्लास्टर केल्यासारखे दिसते. महागडी औजारे विकली जातात ती या अचूकतेसाठी. मात्र अचूकतेचा मोठा वाटा हाताच्या पद्धतीत असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

निपरऐवजी काय चालेल?

किटचे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात आणि भाग जिथे चौकटीला चिकटलेला असतो त्या बारीक दांडीला गेट. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक याच वाटेने शिरते. भाग हाताने पिळून तोडला, तर गेटजवळचे प्लॅस्टिक ओढले जाऊन पांढरे पडते किंवा त्याचा टवका निघतो.

जपानी निपरमध्ये एकच बाजू धारदार असते. दुसरी सपाट बाजू फक्त आधार देते. त्यामुळे प्लॅस्टिक दोन्हीकडून चिरडले न जाता एका बाजूने कापले जाते. काम सुंदर होते. पण हा निपर साध्या किटपेक्षा महाग पडू शकतो आणि त्याचे पाते इतके पातळ असते की जाड तुकडा कापताना मोडू शकते.

पर्याय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सर्किट बोर्डावर सोल्डरिंग झाल्यावर तारांची टोके छाटण्यासाठी एका बाजूने सपाट असलेला छोटा कटर वापरतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्लीत तो सहज मिळतो आणि जपानी निपरच्या तुलनेत किंमत नगण्य असते.

उरलेला फरक पद्धतीने भरून काढायचा. पहिला घाव भागापासून दोन-तीन मिलिमीटर दूर घालायचा आणि भाग मोकळा करायचा. उरलेला खुंट मग धारदार ब्लेडने पातळ काप काढत छाटायचा. शेवटचा कण वॉटर पेपरने घासायचा. या तीन टप्प्यांनी साधा कटरही डाग सोडत नाही. या कटरने पोलादी तार मात्र कधीच कापू नये. एकदा पात्याला खाच पडली की तो प्लॅस्टिकवर ओरखडे उठवतो.

चाकू कोणता घ्यावा?

मॉडेलिंगच्या चाकूला टोकदार, तिरक्या धारेचे ब्लेड असते. सर्जिकल दुकानात मिळणारे ११ नंबरचे ब्लेड आणि ३ नंबरचा हँडल यांची जोडी हेच काम करते. ब्लेड सुटे आणि स्वस्त मिळते, त्यामुळे बोथट झाले की लगेच बदलता येते.

इथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. हे ब्लेड पातळ असते, त्यामुळे जोर लावून वाकवले तर टोक मोडून उडते. आणि ते हँडलवर बसवताना किंवा काढताना बोटांनी धरायचे नसते, पक्कड वापरायची असते. वापरलेली ब्लेड कचऱ्यात सुटी टाकू नयेत. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डबीत साठवावीत. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ती लागता कामा नयेत.

जाड तुकडे कापायला स्टेशनरीच्या दुकानातला तुकडे मोडणारा साधा कटर पुरतो. खाली घेण्यासाठी लहान आकाराची कटिंग मॅट फार महाग नसते. तीही नको असेल तर जाड पुठ्ठा चालतो. काच किंवा फरशीवर कापू नये, धार लगेच जाते. उरलेल्या फरशीचा तुकडा मात्र जपून ठेवावा, तो घासकामात उपयोगी पडतो.

घासायची सामग्री कुठे मिळते?

मॉडेलिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सँडिंग स्टिक म्हणजे पट्टीवर चिकटवलेला वॉटर पेपर. गाड्यांचे रंगकाम करणारे गॅरेजवाले हाच कागद वापरतात आणि हार्डवेअरच्या दुकानात तो नगावर मिळतो. ४००, ६००, १००० आणि २००० असे चार नंबर घेतले की पुष्कळ झाले. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ.

आइस्क्रीमच्या काडीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने कागद लावला की सँडिंग स्टिक तयार. वक्र भागासाठी तोच कागद खोडरबर किंवा स्पंजच्या तुकड्याभोवती गुंडाळावा. विमानाच्या दोन अर्ध्या भागांच्या कडा सपाट करायच्या असतील, तर कागद फरशीच्या तुकड्यावर ठेवून भाग त्यावर हलकेच फिरवावा. शेवटच्या चकाकीसाठी नखे घासायचा चार बाजूंचा बफर उत्तम चालतो.

घासताना कागद पाण्यात बुडवून घ्यावा. त्यामुळे कागद लवकर बुजत नाही आणि प्लॅस्टिकची धूळ हवेत उडत नाही. हा दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे.

छिद्रे, रेषा आणि पकड यांचे काय?

बंदुकीच्या नळीला भोक पाडायला पिन व्हाइस नावाचे हातात फिरवायचे छोटे ड्रिल लागते. ते घड्याळदुरुस्ती आणि सराफी औजारांच्या दुकानांत मिळते, कारण ते मुळात त्यांच्याच कामाचे आहे. त्यात बसणारे ०.८ किंवा १ मिलिमीटरचे ड्रिल बिट सर्किट बोर्डासाठी बनतात. सुई तापवून भोक पाडण्याचा मोह टाळावा. प्लॅस्टिक वितळून भोकाभोवती कडा उठते आणि ती घासत बसावे लागते.

घासताना पुसलेल्या पत्र्यांच्या रेषा पुन्हा कोरायला शिवणाची जाड सुई पेन्सिलीच्या टोकात घट्ट बसवली तरी काम होते. शेजारी जाड चिकटपट्टीची कड आधार म्हणून लावावी आणि सुई जोर न देता सात-आठ वेळा हलकेच ओढावी. एकाच झटक्यात खोल रेष कोरायला गेले की सुई घसरते.

पकडीसाठी कपड्यांचे चिमटे, रबर बँड आणि मास्किंग टेप पुरेसे आहेत. लाकडी चिमट्याच्या दोन पट्ट्या काढून उलट्या बसवल्या, तर त्याला लांब आणि सपाट तोंड मिळते. बारीक भाग उचलायला मोबाइल दुरुस्तीवाल्यांचा टोकदार चिमटा घ्यावा. भुवयांचा चिमटा मोठ्या भागांना चालतो, पण लहान भाग त्यातून टिचकीसारखा उडतो.

गोंद साधा का चालत नाही?

बहुतेक किट पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची असतात. मॉडेल सिमेंट हा खऱ्या अर्थाने गोंद नाहीच. तो द्रावक आहे. तो दोन्ही भागांचे पृष्ठभाग विरघळवतो, त्यांचे रेणू एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचे टोक लावायचे; पातळ सिमेंट केशाकर्षणाने स्वतःच आत धावते.

टामियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये मुख्यतः ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असते. ॲसिटोन पटकन विरघळवते आणि पटकन उडते. ब्युटाइल ॲसिटेट सावकाश उडते, म्हणून भाग सरळ करायला वेळ मिळतो. नुसते ॲसिटोन वापरले तर हा समतोल जातो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, तेल आणि सुगंधी द्रव्ये असतात, काहींत तर ॲसिटोन नसतेच. त्यामुळे जोड कच्चा राहतो.

आर्किटेक्चरचे विद्यार्थी ॲक्रिलिक शीट जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. ते पॉलिस्टायरीनही विरघळवते. पण त्याची वाफ मज्जासंस्थेला आणि यकृताला घातक असते. घरच्या बंद खोलीत, मुलांच्या टेबलावर त्याला जागा नाही. चाळीस मिलिलिटरची सिमेंटची बाटली बऱ्याच किटना पुरते. हा खर्च करावाच. बाटली कलंडू नये म्हणून ती एखाद्या रुंद झाकणात टेपने चिकटवून ठेवावी.

कॉकपिटची पारदर्शक काच हा अपवाद आहे. तिथे सिमेंटचा थेंब पडला तर काच कायमची खराब होते आणि फेविक्विकसारख्या सुपरग्लूच्या वाफेने तिच्यावर पांढरट धुके बसते. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा फेव्हिकॉल इथे योग्य. जास्तीचा गोंद ओल्या कापडाने पुसता येतो.

फटी भरायची पुट्टी घरी बनते का?

बनते, आणि तीही टाकाऊतून. भाग काढून झाल्यावर उरलेले स्प्रू फेकू नयेत. त्यांचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये टाकून झाकण लावून ठेवले, तर दिवसभरात मधासारखा घट्ट लगदा तयार होतो. तो फटीत भरायचा. वाळायला मात्र एक-दोन दिवस द्यावे लागतात. घाई केली तर आत भोके राहतात. हा लगदा किटच्याच प्लॅस्टिकचा असल्याने घासताना आजूबाजूच्या भागाइतकाच कठीण लागतो.

घाई असेल तर सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा. सोडा अल्कधर्मी असल्याने सुपरग्लू क्षणात घट्ट होतो. पण तो प्लॅस्टिकपेक्षा कठीण होत जातो, म्हणून लगेच घासावा. सोड्याऐवजी टाल्कम पावडर मिसळली तर मिश्रण सावकाश घट्ट होते आणि घासायला सोपे जाते. सुपरग्लू कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नये. दोघांच्या संयोगाने उष्णता निर्माण होते आणि बोट भाजू शकते.

स्प्रूचा आणखी एक उपयोग आहे. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, तो गरम करून मऊ होताच ओढला, तर केसासारखा धागा निघतो. विमानाची अँटेना किंवा जहाजाचे दोर त्यातून होतात. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि खिडकी उघडी ठेवूनच करावे. जादा पत्रे बनवायचे असतील तर खाली त्रिकोणात ६ आकडा असलेला प्लॅस्टिकचा डबा शोधावा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तेव्हा मॉडेल सिमेंट त्यालाही जोडते. जुने एटीएम कार्ड सहसा पीव्हीसीचे असते, त्याला सुपरग्लू लागतो.

एअरब्रशशिवाय रंग देता येतो का?

येतो. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर हा या छंदातला सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो सर्वांत शेवटी करायचा आहे. ब्रशने रंगवताना एकच नियम पाळावा लागतो : पातळ थर, जास्त वेळा. पहिला थर लावल्यावर खालचे प्लॅस्टिक दिसतेच. ते झाकायला तिथेच पुन्हा ब्रश फिरवला की रेघोट्या उठतात. थर पूर्ण वाळू द्यावा आणि दुसरा आडव्या दिशेने द्यावा. तीन-चार थरांत रंग भरतो.

चित्रकलेच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग चालतात. आपल्याकडे कॅमलचे रंग घरोघरी माहीत आहेत. ते बनवणारी कॅमलिन ही कंपनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू झाली. कॅनव्हाससाठीच्या रंगांची रंगकणी मॉडेलच्या खास रंगांहून जाड असू शकते आणि ते उघड्या प्लॅस्टिकला नीट धरत नाहीत. म्हणून भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि प्राइमर द्यावा. गाड्यांसाठीचा करडा प्राइमर स्प्रे मिळतो. काही स्प्रेंतील द्रावक प्लॅस्टिक खातात, तेव्हा आधी स्प्रूवर एक हात मारून पाहावा.

रंग लवकर वाळू नये म्हणून विकतची ओली पॅलेटही लागत नाही. घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग. झाकण लावले तर रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

जुनाटपणा दाखवणारी खास पावडर महाग असते. त्याऐवजी सुकी पेस्टल वॉटर पेपरवर घासून मिळालेली भुकटी मऊ ब्रशने लावावी. ऑइल पेस्टल घेऊ नये, ती भुकटी होत नाही. जुनी मॅट आयशॅडोही चालते. उडालेल्या रंगाचे टवके दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा चिमूटभर तुकडा रंगात बुडवून, कागदावर टिपून, हलकेच टेकवावा. रणगाड्याखालची जमीन करायला रांगोळी, लाकडाचा भुसा आणि कडक उन्हात वाळवलेली चहाची चोथापूड फेव्हिकॉलवर भुरभुरावी. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे शिकवावे लागत नाही. चहा ओला राहिला तर बुरशी येते, एवढे लक्षात ठेवावे.

मग काटकसर कुठे करू नये?

तीन ठिकाणी. पहिली धार. बोथट ब्लेडला जोर लागतो, जोर लावला की हात घसरतो, आणि जखमा बहुधा तेव्हाच होतात. हँडल स्वस्त असले तरी चालेल, ब्लेड नवे हवे.

दुसरा गोंद. बाकी चुका घासून किंवा पुन्हा रंगवून सुधारता येतात. चुकीच्या द्रावकाने वितळलेला भाग परत मिळत नाही.

तिसरा श्वास. इथे मोठा गैरसमज आहे. करोनाकाळात घराघरांत आलेला एन-९५ मास्क धूळ आणि रंगाचे कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. घासकामाला एन-९५ पुरेसा आहे. स्प्रे प्राइमर किंवा थिनरचे काम गच्चीत किंवा गॅलरीत, वारा पाठीवर घेऊन करावे. रेझिनचे भाग कोरडे कधीही घासू नयेत. ब्लेडने काम करताना आणि तार छाटताना डोळ्यांवर चष्मा हवा.

पहिली खरेदी कोणत्या क्रमाने करावी?

पहिल्या किटसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा कटर, ११ नंबरची ब्लेड आणि हँडल, चार नंबरचे वॉटर पेपर, टोकदार चिमटा आणि सिमेंटची बाटली एवढेच घ्यावे. चिमटे, रबर बँड, आइस्क्रीमच्या काड्या आणि फरशीचा तुकडा घरात असतोच. रंगांत काळा, पांढरा, करडा आणि किटला लागणारे दोन रंग. एक सपाट आणि एक बारीक गोल ब्रश चांगल्या प्रतीचा घ्यावा, कारण केस गळणारा ब्रश प्रत्येक थरात एक केस सोडून जातो.

पिन व्हाइस दुसऱ्या किटला, चांगली मास्किंग टेप तिसऱ्याला. तोपर्यंत साध्या टेपची कड काचेवर ब्लेडने ताजी कापून घ्यावी आणि तिचा चिकटपणा तळहातावर एकदा लावून कमी करावा. चार-पाच किट पूर्ण झाल्यावरही छंद टिकला, तर एअरब्रशचा विचार करावा. तोवर कोणते औजार आपल्याला खरोखर अडते आहे, हे कळलेले असते.

आणि पहिल्या किटसाठी आवडते विमान निवडू नये. स्वस्त, कमी भागांचे, १:७२ चे एखादे किट घ्यावे आणि नवा गोंद, नवा रंग, नवा स्प्रे आधी त्याच्या स्प्रूवर आजमावावा. चुका त्यावर होऊ द्याव्यात. आवडते किट तोवर खोक्यातच राहू द्यावे, ते खराब होत नाही.